खिडकी फोमवर उभी राहत नाही

चिपळूणजवळच्या आमच्या चिऱ्याच्या घराच्या लाकडी खिडक्यांना वाळवी लागली होती, म्हणून उन्हाळ्यात त्या काढून यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लास्टिकच्या) स्लायडिंग खिडक्या बसवून घेतल्या. काम कोणाला दिलं ते लिहीत नाही. त्याच्या नावापेक्षा त्याची पद्धत तुम्हाला कळणं जास्त गरजेचं आहे.

कोटेशन झकास होतं. चौकटीला वरून आणि बाजूंनी फास्टनर (चौकट भिंतीला पकडून ठेवणारे लांब स्क्रू), खिडकीसाठीचा कमी फुगणारा पीयू फोम (डब्यातून मारायचा, फुगून फट भरणारा फेस), बाहेरून वेदर सिलिकॉन (सांध्यातून पाणी शिरू न देणारा लेप), हे सगळं धरून चौरस फुटाचा दर. फोमचे डबे तेवढे वेगळे लावले होते. घरी अण्णा एकटेच, आम्ही डोंबिवलीला. त्यामुळे काम करणाऱ्यांचं फावलं. चौकट भोकात ठेवायची, पाचर मारून पातळीत आणायची, चहूबाजूंनी फोम मारायचा की पुढची खिडकी. अण्णांनी विचारलं, "अरे, ड्रिल कधी मारणार?" तर म्हणे, "काका, हा सुकला की दगड होतो. भिंत पडेल, पण खिडकी हलणार नाही."

जूनच्या पहिल्या वाऱ्यापावसात पश्चिमेच्या खिडकीखालून पाण्याचा ओघळ सुरू झाला. शिवाय सरकणारी झडप मधोमध अडकायला लागली. शेवटी दुसरा कारागीर बोलावला. त्याने आधी चौकटीच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत दोरी ताणली. मध्यावर चौकट आत ढकलली गेलेली स्पष्ट दिसली. मग त्याने कडेला पेचकस घातला आणि जरासा रेटा दिला, तर हातभर लांब फोमची वडीच्या वडी निघून आली. तिच्या पाठीला चिऱ्याची लाल भुकटी जशीच्या तशी चिकटलेली, म्हणजे फोमने भिंत पकडलीच नव्हती, नुसती धूळ पकडली होती. वडी मोडली तर वरून कडक आणि आतून अजून चिकट. आणि फास्टनर? अख्ख्या चौकटीत एकही नाही. दोघांनी धरून हलवली तर दाढेसारखी हलत होती.

त्याच्याकडून जे समजलं ते सांगतो. चौकट धरून ठेवतो तो फास्टनर. कोपऱ्यापासून सहा-आठ इंचांवर पहिला, पुढे साधारण दोन-दोन फुटांवर एकेक. फोमचं काम फट भरण्याचं आणि वारा, आवाज अडवण्याचं. एका डब्यातला हा फोम हवेतल्या ओलाव्याने कडक होतो, म्हणून मारण्याआधी फट ब्रशने झाडून पाण्याचा हलका फवारा मारावा लागतो. जुनी चौकट काढल्यावर चिऱ्यात दोन-दोन इंचांची खिंडारं पडतात, ती आधी सिमेंटने भरून फट बोटभर उरवायची. आमच्याकडे सिमेंटची मजुरी वाचवायला सगळा खड्डा एका दमात फोमनेच भरला होता. एवढ्या जाड थराच्या आत ओलावा पोचणार कसा? त्यात फोम जास्त फुगणारा, स्वस्तातला. फुगताना त्याने चौकटच आत दाबली. (ओला फोम हाताला लागला तर लगेच पुसा. सुकल्यावर कातडीसकट निघेल असं वाटतं. आणि त्याच्या डब्यातला गॅस पेट घेणारा असतो, त्यामुळे शेजारी चूल किंवा वेल्डिंग नको.)

डब्यांची गंमत वेगळीच. बिलात ७५० मिलीचे वीस डबे, आणि पडवीमागे अण्णांनी रिकामे मोजले ते सात. बाकीचे म्हणे "गाडीतून परत नेले". त्या सातांपैकी काहींवर उत्पादनाचा महिना-वर्ष खरवडलेला, एकावर तारखेवर नवं लेबल. पीयू फोम साधारण वर्ष-दीड वर्षच टिकतो. जुना झाला की नीट फुगत नाही किंवा डब्यातच घट्ट होतो. तेव्हा सीलबंद डबे तुमच्यासमोर मोजून घ्या, तारीख वाचा, आणि रिकामे डबे बिल मिटेपर्यंत टाकू देऊ नका.

बाहेरच्या बाजूलाही हातचलाखी. काही खिडक्यांना फोम तसाच उघडा सोडला होता. उन्हात तो पिवळा पडून भुरभुरतो, आणि कापलेल्या भागातून पाणी पितो. बाकीच्यांना जे सिलिकॉन लावलं त्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता, असं अण्णा सांगतात. तसलं सिलिकॉन काचेला ठीक, सिमेंटच्या गिलाव्यावर धरत नाही. तिथे न्यूट्रल प्रकारचंच हवं, ट्यूबवर तसं छापलेलं असतं. वर कळस म्हणजे खालच्या ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायची भोकंही त्यांनी सिलिकॉनने बुजवली होती! ओघळाचं निम्मं कारण तेच.

काम चालू असलेल्यांनी एवढं करा: फास्टनर मारून झाले की फोम मारण्याआधी काम थांबवायला लावा आणि प्रत्येक चौकटीचा फोटो मागा. फोम एकदा भरला की आत काय आहे ते दिसत नाही, आणि सगळी कमाई त्या न दिसण्यावरच असते. काम झालेलं असेल तर झडप काढून चौकटीच्या खाचेत स्क्रूच्या टोप्या शोधा. नसतील तर शेवटचा हप्ता देऊ नका. आणि बिल पक्कं घ्या.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारीही आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. काढलेल्या चौकटीचे फोटो पहिल्या ठेकेदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवले तेव्हा उत्तर आलं, "फास्टनर ऑप्शनल असतात साहेब." फास्टनर लिहिलेलं त्याचंच कोटेशन आणि हे उत्तर, दोन्ही तक्रारीला जोडलं आहे.