काट्याचा मल्टिमीटर: ३८० रुपयांत टेम्पोचे झटके सापडले

मल्टिमीटर म्हणजे व्होल्ट, ओहम मोजायचा डबा, तो घेऊन चार महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ घेतला, ३८० रुपये. काट्याचा आहे, पूर्वी रेडिओ रिपेअरवाल्यांच्या टेबलावर असायचा तसला काळा डबा. ब्रँड विचारू नका, तोच डबा चार नावांनी विकतात. दुकानातल्या पोराने आधी पिवळा डिजिटल पुढे सरकवला, म्हणे काका काटा आता कोण घेतं. तो पिवळा माझ्या घरी होताच, आणि त्यानेच मला पंधरा दिवस येडा बनवलं होतं.

आमचा टेम्पो २०१२ चा, पेट्रोल-सीएनजी, सासवडहून मार्केट यार्डला माल टाकायचा, सीझनला सीताफळ आणि अंजीर, एरवी भाजी. हडपसरच्या सपाट रस्त्याला चाळीसच्या स्पीडला पाय एका जागी धरला की गाडी झटके मारायची, मागून कोणी पकडून ओढतंय असं वाटायचं, आणि सिग्नलला पाय सोडला की कधी कधी बंदच. दोनदा दिवे घाटात उतरताना बंद पडली, भरलेली, वळणावर, आणि इंजिन बंद म्हणून ब्रेक दगडासारखा कडक. त्या दिवशी घरी काही बोललो नाही.

गॅरेजवाले मामा म्हणाले सीएनजीचा प्रॉब्लेम आहे. सीएनजी गाडी म्हटली की सगळं खापर किटवरच फुटतं. फिल्टर बदलला, प्लग बदलले, रेग्युलेटर खोलून साफ केला, साडेचार हजार गेले आणि झटके होते तिथेच. मग मी नुसत्या पेट्रोलवर दोन दिवस चालवली, तरी तसेच झटके, म्हणजे किट निर्दोष. आणि एक गोष्ट मला खटकत होती, परत येताना घाट चढायला फुल अ‍ॅक्सिलेटर दिला की गाडी मस्त ओढायची. इंधन कमी पडत असतं तर चढावरच मेली असती ना? त्रास फक्त पाय थोडासा दाबलेला असताना.

गाडीच्या कॉम्प्युटरातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर पी०१२२ आला, थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (अ‍ॅक्सिलेटर किती दाबलाय ते कॉम्प्युटरला सांगणारा) सिग्नल लो. मामा म्हणाले कोड उडवून टाकू, उडवला, तीन दिवसांनी परत आला. आता हा कोड सेन्सर खराब असला तरी येतो, वायर तुटकी असली तरी येतो, कनेक्टरची पिन ढिली असली तरी येतो. कोड बघून पार्ट बदलायचा म्हणजे नुसता जुगार.

सेन्सर म्हणजे तरी काय, थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाच्या) बाजूला दोन स्क्रूवर बसवलेला छोटा डबा, तीन वायरी, आत जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखीच कार्बनची पट्टी. एका वायरीला ५ व्होल्ट, एक अर्थिंगची, तिसरीतून सिग्नल. पाय सोडलेला असताना अर्धा व्होल्टच्या आसपास, पूर्ण दाबला की चारच्या वर. पिवळा मीटर लावून मी हे सगळं तपासलं होतं, ५ बरोबर, अर्थ बरोबर, खाली ०.५४, वर ४.२, सगळं ओके. म्हणून सेन्सरला क्लीन चिट दिली आणि पुढचे पंधरा दिवस वायरी हुडकत बसलो.

गोम अशी की डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. मधे क्षणभर सिग्नल गेला तर त्याला पत्ताच नाही. काटा मात्र सतत हलता असतो.

तर हा मीटर आणला, इग्निशन ऑन, इंजिन बंद, कनेक्टर न काढता मागून टाचणी सरकवली (वायर टोचू नका, पाणी शिरून आतून हिरवी होते), मीटरची लाल वायर सिग्नलला, काळी सेन्सरच्याच अर्थिंगला, रेंज १० व्होल्ट. भाच्याला सांगितलं पेडल दाब, पण दूध उतू जाईल इतक्या सावकाश. काटा वर चढत गेला आणि सव्वा व्होल्टला आल्यावर टुणकन खाली पडला नि परत वर आला. परत दाबायला लावलं, परत तिथेच. मग २.५ च्या रेंजवर टाकलं तर आणखी मोठं दिसलं, भाचा सीटवरून ओरडतोय मामा काय झालं सांगा ना. वायर हलवून बघितली, कनेक्टर हलवला, काटा जागचा हलला नाही. म्हणजे वायरिंग ठीक, पट्टीच झिजलेली, आणि बरोबर तिथे झिजलेली जिथे रोज हडपसरला माझा पाय असतो. घाटात पाय त्या जागेच्या पुढे जायचा म्हणून गाडी शहाण्यासारखी चालायची.

नाना पेठेत नवा सेन्सर ११०० ला मिळाला. पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच मीटर ओहमवर (रोध मोजायच्या रेंजवर) टाकून स्क्रू ड्रायव्हरने सेन्सर हळूहळू फिरवून बघितला, काटा लोण्यासारखा सरकला (ओहमला शून्य उजवीकडे असतो, घाबरू नका). दुकानदार म्हणाला वीस वर्षांत असं तपासून कोणी नेलं नाही शेठ. बसवला, बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवलं, आणि तेव्हापासून एकही झटका नाही.

आता मीटरबद्दल. व्होल्ट मोजायला सेल लागत नाही, फक्त ओहमला लागतो, हे भारी. काटा उन्हात नीट दिसत नाही, आणि तिरकं बघितलं तर आकडा चुकतो. लाल-काळी उलटी लागली की काटा मागे आपटतो. ओहमवर ठेवून चालू वायरीला लावू नका, माझा फ्यूज पहिल्याच आठवड्यात उडाला. सोबतच्या वायरी भिकार, एक तर दुसऱ्या दिवशी प्लगमधून निघून हातात आली, ऐंशी रुपयांची वेगळी जोडी घ्यावी लागली.

पिवळा फेकू नका, नेमका आकडा त्याच्यावरच बघायचा. पाचपैकी चार स्टार, एक त्या वायरींसाठी कापला. गॅरेजवाल्या मामांनी काट्याचा मीटर परवा दोन दिवसांसाठी मागून नेलाय, अजून परत आलेला नाही.