नव्या पेठेतली गेम-स्टिक: एकदाचा कॉन्ट्रा खेळले

नव्या पेठेतल्या एका दुकानातून दीड हजाराला घेतली. टीव्हीच्या एचडीएमआयला लावायची, सोबत दोन वायरलेस रिमोट. खोक्यावर दहा हजार गेम छापलेत. निम्मे तेच ते, नाव बदलून. ते सोडा.

मला हवे होते दोनच, १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि ‘कॉन्ट्रा’. आमच्या वाड्यात कॅसेटवाला गेम एकाच घरी होता आणि तिथे पोरींचा नंबर कधी लागलाच नाही. आम्ही आपलं शेंगा खात बघायचं. आता चाळिशी उलटल्यावर रिमोट माझ्या हातात!

मारिओ आजही फर्स्टक्लास. पळता पळता थांबवला की जरासा घसरतो. ते घसरणं हाताला कळलं की उड्या बरोबर बसतात. पहिली लेव्हल कुणी न शिकवता सगळं शिकवते. कॉन्ट्रा मात्र छळतो. एक गोळी लागली की जीव गेला, आणि जीव तीनच. शेवटी सुरुवातीच्या स्क्रीनवर वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए दाबून तीस घेतले. लाज कसली?

खोट म्हणजे बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा. टीव्ही गेम मोडवर टाकला तर बराच फरक पडतो. दुकानदार हे सांगत नाही. एका रिमोटचं डावं बटण आठवड्यातच चिकटायला लागलं. बदलून मागितलं तर उत्तर, “चायना मालाला गॅरंटी नसते, ताई.”

घेणारच असाल तर दुकानातच टीव्हीला लावून दोन्ही रिमोटची सगळी बटणं दाबून बघा.