आरोग्य कर्नाटक, यशस्विनी की महाराष्ट्राची योजना? सीमाभागातल्या घरासाठी तीन कार्डांची तुलना

२०२१च्या मे महिन्यात चुलत्यांना धाप लागली तेव्हा आम्ही रात्रीच गाडी करून त्यांना खानापूरहून बेळगावला नेलं. सिव्हिलला जागा मिळणार नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून थेट एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. नऊ दिवसांनी ते चालत घरी आले. बिलापायी काकूंच्या पाटल्या गेल्या, आणि उरलेल्या रकमेसाठी फायनान्सचं कर्ज काढलं. घरात बीपीएल रेशन कार्ड होतं, पण त्याचा इथे उपयोग होतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सरकारी यंत्रणेकडून पाठवलेल्या कोविड रुग्णाचा खासगी रुग्णालयातला खर्च कर्नाटक सरकार उचलत होतं, हे आम्हाला कळलं तेव्हा कर्जाचे हप्ते सुरू झाले होते.

साथ ओसरली, पण तेव्हाची कर्जं अनेक घरांत अजून आहेत. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांचे माग बंद पडले होते, गोव्याला आणि पुण्याला कामाला गेलेली खानापूरची पोरं हात हलवत परतली होती. अशा घरात पुढचं मोठं आजारपण आलं तर विकायला आता पाटल्याही नाहीत. म्हणून "कुठलं कार्ड काढू?" हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं, आणि मी तो फार गंभीरपणे घेतो.

आपल्याकडे तीन वाटा आहेत. कर्नाटकची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक, सहकारातली यशस्विनी, आणि महाराष्ट्राची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत किंवा कारखान्यात कामाला असाल आणि पगार महिना २१ हजारांच्या आत असेल, तर आधी पगारातून ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) पैसे कापले जातात का ते बघा. कापले जात असतील तर तुमच्या कुटुंबाचा पहिला आधार तोच. बाकीच्यांसाठी पुढचं.

आरोग्य कर्नाटक २०१८पासून आहे. हप्ता नाही, वेगळं सभासदत्व नाही, सगळा आधार रेशन कार्डावर. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळतात. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला मात्र पॅकेजच्या (उपचाराच्या ठरलेल्या दराच्या) ३० टक्केच, तेही वर्षाला दीड लाखांच्या मर्यादेत. म्हणजे एक लाखाच्या शस्त्रक्रियेत बीपीएलवाल्याचा खिसा शाबूत, आणि एपीएलवाल्याला ७० हजार उभे करायचे. दोन एकर भात आणि काजूची चार झाडं असलेल्या शेतकऱ्याला ७० हजार म्हणजे पुन्हा कर्जच.

या योजनेत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सरकारी दवाखान्याने पुढे पाठवल्याची चिठ्ठी. पहिल्यांदा सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे होणारा उपचार तिथेच होतो, होत नसेल तर ते योजनेतल्या खासगी रुग्णालयाकडे पाठवतात. अपघात, हृदयविकाराचा झटका असल्या तातडीच्या प्रसंगी थेट जाता येतं, एरवी चिठ्ठीशिवाय गेलात तर कार्ड असून उपयोग नाही. जून २०२०मध्ये सरकारने कोविडचे दर ठरवले तेव्हा सरकारकडून आलेल्या रुग्णाच्या व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचा दर दिवसाला १० हजार होता आणि तो सरकार भरत होतं. स्वतःहून गेलेल्याला त्याच खाटेचे २५ हजारांपर्यंत लावता येत होते आणि ते त्याने स्वतः भरायचे होते. चिठ्ठीची किंमत याहून स्पष्ट कशी सांगू? कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात माणसाला आधी रस्त्यापर्यंत आणायची मारामार, त्यात चिठ्ठीसाठी फेरा हा खरा त्रास आहे, मी तो नाकारत नाही. पण गावातल्या आशाताईंना आधीच विचारून ठेवलं की कुठे जायचं, कोण चिठ्ठी देतं, तर अर्धी धावपळ वाचते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आरोग्याचं छत्र रेशन कार्डाला बांधलेलं असल्यामुळे कार्ड हललं की छत्रही हलतं. नोव्हेंबर २०२४मध्ये राज्यभर बीपीएल कार्डांची छाननी झाली, कितीतरी कार्डं रद्द झाली किंवा एपीएलमध्ये ढकलली गेली. ओरड झाल्यावर सरकारी नोकर आणि प्राप्तिकर भरणारे सोडून इतरांची कार्डं परत देण्याचं सरकारने ठरवलं. पण त्या दिवसांत एखाद्याला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल तर त्याने काय करायचं? त्यात आपल्या नावांचा घोळ वेगळाच. रेशन कार्डावर नाव कन्नडमध्ये, आधारवर वेगळ्या स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. नव्या सुनेचं, नातवाचं नाव कार्डावर चढलेलंच नसतं. ही कामं धडधाकट असतानाच करून घ्यावीत.

म्हणूनच मी यशस्विनीकडे दुसरा आधार म्हणून बघतो. ही योजना २००३मध्ये सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी सुरू झाली. २०१८मध्ये ती आरोग्य कर्नाटकात विलीन केली, आणि २०२२च्या अखेरीस पुन्हा नोंदणी सुरू झाली. मधल्या काळातच कोविड येऊन गेला. सर्वांत जास्त गरज होती तेव्हा कृषी पत्तीनच्या (गावच्या शेती सहकारी पतसंस्थेच्या) सभासदाकडे हा आधार नव्हता, ही गोष्ट मला अजून सलते. संकटाच्या वेळची योजना शांततेच्या काळात मोडली की काय होतं ते आपण भोगलंय.

नव्या रूपात ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येकी १०० रुपये असा हप्ता ठरला. शहरी संस्थांच्या सभासदांना १,००० आणि २००. म्हणजे सहा माणसांच्या खेड्यातल्या घराला ७०० रुपये. संरक्षण पाच लाखांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. अनुसूचित जाती-जमातीच्या सभासदांचा हप्ता सरकार भरतं. बचत गटाच्या बायकांनाही यात येता येतं. दोष दोन. नोंदणी वर्षातून ठरावीक दिवसांतच होते, चुकली की वर्ष गेलं. आणि बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, महिन्याच्या गोळ्या यात बसत नाहीत. मधुमेह-रक्तदाबाचा रोजचा खर्च तसाच राहतो, त्याच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मोफत गोळ्याच बऱ्या.

एपीएल कार्ड असलेल्या आणि पत्तीनचे सभासद असलेल्या शेतकऱ्याने यशस्विनी घेतलीच पाहिजे असं मी ठामपणे सांगतो. ७० हजारांच्या भीतीपुढे ७०० रुपये काहीच नाहीत. बीपीएलवाल्याला ती सक्तीची नाही, पण कार्डाचा भरवसा वाटत नसेल तर घ्यावी.

आता तिसरी वाट, जिच्याबद्दल आपल्या मनात जिव्हाळा आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये सीमाभागातल्या, महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांसाठी फुले योजना खुली करायचं ठरवलं, ५४ कोटींची तरतूद केली. कर्नाटक सरकारने लगेच विरोध केला. त्याच वर्षी महाराष्ट्राने योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर न्यायचं ठरवलं. हप्ता नाही. योजनेतल्या रुग्णालयात मदतीला नेमलेल्या आरोग्यमित्राकडे नोंद होते.

मला ही योजना हवी आहे, तिच्यामागची भावना माझीही आहे. २०२०मध्ये महाराष्ट्राने आपल्या सगळ्या नागरिकांना या योजनेत घेतलं, तेव्हा सीमेवरच्या कोगनोळी नाक्याअलीकडे आम्ही नुसते बघत होतो. तरी आजारी माणसाला गाडीत घालताना भावनेवर विसंबता येत नाही. दोन सरकारांचा वाद सुरू असलेली योजना कुठल्या महिन्यात कशी चालेल, हे घरच्या माणसाने गृहीत धरू नये. शिवाय उपचार बहुधा कोल्हापूर किंवा मिरजेला. आजारी माणसासोबत दोघं जातात, त्यांचं जेवण, राहणं, बुडालेली मजुरी यांचा हिशेब वेगळा. कर्नाटकात बायकांना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेच्या तिकिटावर काकू बेळगावच्या सिव्हिलपर्यंत फुकट जातात, कोल्हापूरला तसं नाही. तिथे एसटीने गेलं तरी बायकांना अर्धं तिकीट फक्त महाराष्ट्राच्या हद्दीत. खानापूरहून मिरजेला रेल्वे आहे, ती स्वस्त पडते.

काही घरांना मात्र हीच वाट सोयीची आहे. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. तिथल्या विडी कामगार बाईची लेक कागलला दिली असेल, दवाखान्यात डबा कोण आणणार हा प्रश्न सुटलेला असेल, तर फुले योजनेची चौकशी तिने आधी करावी. गाव ८६५च्या यादीत आहे का, नेमका तो उपचार त्या रुग्णालयात योजनेतून होतो का, हे आरोग्यमित्राला फोनवर विचारून मगच निघावं. खानापूरच्या पश्चिमेकडचे लोक पूर्वी सवयीने गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जात. २०१८पासून तिथे बाहेरच्यांना पैसे पडतात, म्हणून तेही धरून चालू नका.

फायनान्सचं कर्ज हा या सगळ्यांना पर्याय नाही, पण आजारपणात आपण पहिल्यांदा तिकडेच वळतो. वसुलीच्या त्रासाविरुद्ध कर्नाटकने फेब्रुवारी २०२५मध्ये अध्यादेश काढला, त्याने धमक्यांना आळा बसेल, पण नोंदणीकृत फायनान्सचं मुद्दल माफ होणार नाही.

आमच्या घरी आता असं आहे: बीपीएल कार्डावर दोन्ही सुनांची नावं चढवली, चुलत्यांच्या नावाने यशस्विनी भरली, आणि आरोग्य केंद्राचा व आरोग्यमित्राचा नंबर दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून लावला. यशस्विनीची पावती काकू पाटल्यांच्या रिकाम्या डबीत ठेवतात.