लहान ट्रॅक्टरवर क्विक हिच फ्रेम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री पॉइंट लिंकेजला (खालचे दोन लोखंडी हात आणि वर मधली टॉप लिंक) अवजार जोडताना बहुतेक वेळ दुसऱ्या खालच्या पिनवर जातो. ट्रॅक्टरचा डावा हात पिनवर बसतो आणि उजवा दोन बोटे मागे राहतो. मग लेव्हलिंगची मूठ फिरवा, पहारीने अवजार सरकवा, ट्रॅक्टर पुन्हा वीतभर मागे घ्या. क्विक हिच फ्रेमने हे सगळे थांबते: ती लिंकेजवर बसते, तिच्या तीन हुकांत अवजाराच्या पिना अडकतात आणि खालच्या हुकांचे खटके त्या पिना सुटू देत नाहीत. २७ एचपीच्या ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर, पाच फणी कल्टीव्हेटर, पेरणी यंत्र आणि मागचे लेव्हलिंग पाते अशी चार अवजारे आठ महिने याच फ्रेमवर चालली. कल्टीव्हेटर आणि पाते एकटा माणूस सीटवरून न उतरता उचलतो, फक्त खटके बघायला एकदा खाली उतरतो. मात्र हा फायदा फ्रेम बसवल्या दिवशी मिळत नाही. प्रत्येक अवजार त्या फ्रेमच्या मापाला आणून ठेवल्यावरच मिळतो.

म्हणून घेण्याआधी टेप घेऊन मापे काढा. कॅटेगरी १ मध्ये, म्हणजे लहान ट्रॅक्टरच्या लिंकेजच्या ठरलेल्या मापात, खालच्या पिनची जाडी २२ मिमी, वरच्या पिनची १९ मिमी आणि खालच्या दोन पिनांच्या खांद्यांमधले अंतर ६८३ मिमी असते. क्विक हिचचे हुक मात्र त्याहून जाड पिनसाठी बनवलेले असतात. त्यामुळे खालच्या पिनांवर साधारण ३६ मिमी आणि वरच्या पिनवर साधारण ३२ मिमी बाहेरच्या व्यासाचे बुश (पिनवर बसणाऱ्या नळ्या) चढवावे लागतात. बुश न घालता अवजार अडकते खरे, पण पिन हुकात खेळते, प्रत्येक खड्ड्याला दणका बसतो आणि तो दणका खटक्याची स्प्रिंग खाते. प्रत्येक अवजाराला त्याचे स्वतःचे बुश कायमचे लावून ठेवा. एकच संच काढून-घालून वापरायचा ठरवला, तर फ्रेम घेण्यात अर्थच उरत नाही, आणि एखादा बुश पहिल्याच महिन्यात मातीत हरवतो.

सगळ्यात जास्त अडचण मधल्या मास्टची, म्हणजे अवजारावरच्या वरची पिन धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांची येते. कॅटेगरी १ च्या अवजारांवर खालच्या पिनपासून वरच्या पिनची उंची साधारण ४६० मिमी असते. क्विक हिचचा वरचा हुक मात्र साधारण ३८० मिमीवर असतो. इथे ८ सेमीचा फरक पडतो आणि बरीच अवजारे इथेच नापास होतात. वरचा हुक वर-खाली सरकवता येईल अशी भोके असलेली फ्रेम घेतली तर निम्मे प्रश्न सुटतात. तरीही चारपैकी दोन अवजारांना हुकाच्या उंचीवर नवे भोक पाडून वेगळी पिन द्यावी लागली. पेरणी यंत्राच्या मास्टच्या दोन पट्ट्या इतक्या जवळ होत्या की हुक मध्ये शिरेना. तिथे पट्ट्या रुंद करून वेल्डिंग करण्याशिवाय मार्ग नव्हता.

ट्रॅक्टरला फ्रेम लावणे सोपे आहे: खालचे दोन हात तिच्या पिनांवर चढवायचे, लिंच पिन घालायच्या, वर टॉप लिंक जोडायची. लक्ष द्यायचे ते टॉप लिंकच्या लांबीवर. फ्रेमचा वरचा भाग अवजाराकडे किंचित झुकलेला हवा, म्हणजे उचलताना आधी वरचा हुक पिन धरतो आणि अवजाराच्या वजनाने खालच्या पिना आपोआप हुकात येऊन बसतात. टॉप लिंक आखूड राहिली तर खालचे हुक आधी लागतात आणि वरचा पिनच्या मागेपुढे घुटमळत राहतो. जोडून झाल्यावर कामाच्या खोलीप्रमाणे टॉप लिंक पुन्हा बसवायची. खालचे हात बाजूला हलू न देणाऱ्या चेक चेन दोन्ही बाजूंनी सारख्या आणि थोड्याच सैल ठेवा. फ्रेम एका बाजूला लटकत असेल तर मागे घेताना नेम धरता येत नाही.

फ्रेम जमिनीलगत उतरवून सरळ रेषेत मागे यायचे, वरचा हुक पिनखाली आला की सावकाश उचलायचे. एकच खालची पिन बसली तर अवजार तिरके उभे आहे असे समजा. उजव्या लिफ्ट रॉडची लेव्हलिंग मूठ फिरवून फ्रेम अवजाराच्या कलाला आणा, पहारीला हात लावू नका. नंतर दोन्ही खटके बंद करून अवजार १० ते १५ सेमी उचला, इंजिन बंद करा आणि दोन्ही पिना डोळ्यांनी बघा. अर्धवट लागलेला खटका ही या फ्रेमची सगळ्यात धोक्याची बाब आहे. बांधावर चढताना एक पिन निसटली तर रोटाव्हेटर एका हातावर लोंबकळतो आणि इंजिनाची ताकद अवजाराला देणारा पीटीओ शाफ्ट वाकतो. मागे घेताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये, हुक दाखवायलासुद्धा नाही.

पुढची जोडणी सोपी की अवघड, हे अवजार सोडतानाच ठरते. मऊ जमिनीत सोडलेला कल्टीव्हेटर आठवड्यात एका बाजूने खचतो आणि पिना तिरक्या होतात. चारही अवजारांखाली लाकडी ओंडके ठेवून खालच्या पिना एकाच उंचीवर आणल्या, तेव्हापासून लेव्हलिंगची मूठ क्वचितच फिरवावी लागली. सोडताना आधी अवजार टेकवा, इंजिन बंद करून पीटीओ शाफ्ट काढा, मग खटके उघडा आणि खालचे हात हळूहळू खाली घ्या. पिन हुकातून निघत नसेल तर अवजाराचा भार पुढे पडलेला असतो. टॉप लिंक एक-दोन आटे फिरवली की ती मोकळी होते. जोर देऊन ट्रॅक्टर पुढे ओढला तर पिन वाकते.

पीटीओ शाफ्टचा विचार विकत घेतानाच करा. फ्रेममुळे अवजार साधारण १० सेमी मागे जाते, म्हणजे शाफ्टचे दोन नळे एकमेकांत तेवढेच कमी शिरतात. अवजार पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना दोन्ही वेळा मोजा. नळ्यांच्या लांबीचा किमान एक तृतीयांश भाग एकमेकांत राहिला पाहिजे. कमी राहिला तर लांब शाफ्ट घ्या. फ्रेम यायच्या आधी जुना शाफ्ट कापून बसवला असेल तर तो आता उपयोगाचा नाही. पूर्ण उचलल्यावर शाफ्टचे प्लॅस्टिक कव्हर फ्रेमच्या आडव्या पट्टीला घासत नाही ना, तेही पाहा. आणि शाफ्ट अजूनही हातानेच लावावा लागतो. फ्रेममधून हात घालून ट्रॅक्टरच्या ३५ मिमीच्या सहा दात्यांच्या शाफ्टवर पीटीओ शाफ्टचे जोखड (टोकाचा जोड) बसवणे पूर्वीपेक्षा थोडे अवघडच झाले आहे. दाते साफ ठेवून ग्रीस लावले की काम हलके होते. रोटाव्हेटर जोडायला अजूनही वेळ लागतो तो एवढ्यासाठीच.

फ्रेमचे स्वतःचे वजन आणि मागे गेलेले अंतर या दोन्हींमुळे हायड्रॉलिकवर जास्त भार येतो. रोटाव्हेटर उचलल्यावर स्टिअरिंग हलके लागले तर पुढे वजने लावा. पुढच्या ॲक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहायला हवा. ट्रॉली ओढायची असेल तर फ्रेम काढावी लागते, कारण ती ट्रॉलीच्या दांड्याला आडवी येते.

ज्यांचा रोटाव्हेटर महिनोन्‌महिने उतरतच नाही त्यांनी ही फ्रेम घेऊ नये. दोनच अवजारे असतील तर खालच्या हातांना बाहेर सरकणारी टोके असलेले लिंक बसवणे पुरेसे आहे. टोक ओढून पिनवर चढवायचे आणि ट्रॅक्टर थोडा मागे घेतला की ते लॉक होते. त्यात शाफ्टची लांबी बदलत नाही आणि मास्टला हात लावावा लागत नाही.

आठ महिन्यांनंतर हुकांच्या आतला रंग गेला आहे, पण धातू घासलेला नाही. एका खटक्याची स्प्रिंग ढिली पडली म्हणून बदलली. खटक्याखाली सुकलेली माती साचते आणि तो पूर्ण बंद होत नाही. तिथे ग्रीस लावू नका, त्यात वाळू चिकटते. पातळ तेलाचे दोन थेंब आणि स्क्रू ड्रायव्हरने खरवडणे एवढे पुरते. वरच्या हुकाच्या वेल्डिंगवर बारीक भेग दिसते का, ते दर ५० तासांनी फडक्याने पुसून बघा.