विद्यापीठाचं वसतिगृह की नवी पेठेतली कॉट?

पुतणीला यंदा पुणे विद्यापीठात राज्यशास्त्रात एमएला प्रवेश मिळाला. विभाग गणेशखिंडीच्या आवारातच, त्यामुळे शिकायचं कुठे हा प्रश्न मिटला. राहायचं कुठे, हा उरला. वसतिगृहाच्या यादीत नाव लागेल अशी आशा आहे. नाहीतर नवी पेठेत मैत्रिणीबरोबर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून. भाडी, मेसचे दर, बसचे नंबर हे सगळं तिने माझ्याआधीच काढून ठेवलंय. मला तिने विचारलं ते वेगळंच: "काका, वातावरण कुठलं चांगलं?" म्हणजे राजकीय वातावरण. मी दोन्हीकडे राहिलोय. 2017 ते 2019 विद्यापीठाच्या आवारात, मग पाच वर्षं नवी पेठेत. फोनवर जे सांगितलं ते विस्कळीत झालं, म्हणून जरा सावकाश लिहितो. असाच पेच पडलेल्या इतरांनाही कदाचित उपयोग होईल.

आधी विद्यापीठाची बाजू, कारण ती खरोखरच भक्कम आहे. तिथे राजकारण शोधत जावं लागत नाही, जेवायला बसलात की ते शेजारी येऊन बसतं. वनहक्क कायदा 2006 चा, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण जंगलातल्या जमिनीवरचा दावा का अडकतो, मोजणीत काय होतं, ग्रामसभेचा ठराव असूनही माणूस खेटे का घालतो, हे सुरगाण्याच्या एका मुलाने मला रिफेक्टरीत, ताटाच्या कडेला बोटाने बांध आखून दाखवत सांगितलं. माझ्या खोलीत एक बीडचा आणि एक नंदुरबारचा. आरक्षणावर रात्री दोनपर्यंत वाद व्हायचा आणि सकाळी एकाच बादलीवर तिघांचे नंबर लागायचे. जातीबद्दल इतकं सरळ, डोळ्याला डोळा देऊन बोलणं मी आमच्या संगमनेरच्या घरातही ऐकलं नव्हतं. आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यासाला बसणारी मुलं तिथे पाहिली, आणि त्या बसण्यालाही राजकीय अर्थ असतो हे तिथेच समजलं. 2014 मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं, त्यामागची मागणी किती जुनी आणि किती मनापासूनची होती, हे नंदुरबारवाल्याच्या तोंडून ऐकताना मला माझंच वाचन उथळ वाटलं. त्यात जयकर ग्रंथालय पाच मिनिटांवर. हे सगळं पेठेत मिळत नाही.

मग अडचण कुठे आली? ती जरा मुळापासून सांगावी लागेल.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, 2019 मध्ये वेळापत्रकही निघालं आणि मग विधानसभेच्या तोंडावर सगळं पुढे ढकललं गेलं. पदवीधर झाल्यावर नोंदणी केली तर अधिसभेच्या (सिनेटच्या) दहा जागांसाठी मत देता येतं, पण शिकत असताना आपल्या प्रतिनिधीसाठी मतपेटी नाही. आता संघटना तर आहेत, डाव्या, उजव्या, आंबेडकरी, पक्षांच्या. मतं मोजायला मिळत नाहीत, तर ताकद दाखवायची कशी? सदस्यनोंदणीचे आकडे, मोर्चातली डोकी आणि फोटो. माझ्या मते तिथल्या वातावरणाची किल्ली यात आहे. मुलं वाईट नाहीत, त्यांना मोजायला दुसरं काही मिळतच नाही.

2018 मध्ये एका संघटनेने हमीभावावर व्याख्यान ठेवलं होतं. आमच्या घरी कांदा आणि टोमॅटो, विषय जिव्हाळ्याचा, म्हणून गेलो. वक्ते उत्तम बोलले. मी वही काढून आकडे टिपत होतो. मध्येच एक मुलगा मोबाइल उंच धरून श्रोत्यांकडे वळला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चित्रीकरण करत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पानावर फोटो, खाली ओळ: आमच्या लढ्यातले साथी. मधोमध मी, वही घेऊन. संध्याकाळी गावाकडून नानांचा फोन आला, "शिकायला पाठवलंय का पक्षात जायला?" गावच्या ग्रुपवर तो फोटो कुणीतरी टाकला होता. वर्गातला एक मित्र दुसऱ्या संघटनेचा. त्याने त्या आठवड्यापासून नोट्स द्यायचं हळूच बंद केलं. पंधरा दिवसांनी त्याच्या संघटनेचं व्याख्यान होतं. तिथेही गेलो, कारण खरंच दुसरी बाजू ऐकायची होती. तिथेही मोबाइल फिरला. मग पहिल्यांनी विचारलं, "तू नक्की कुणाचा?"

एवढंच झालं. मारामारी नाही, धमकी नाही. कुणाला ही गोष्ट अगदी किरकोळ वाटेल. पण त्यानंतर मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसायला लागलो, आणि सहा महिन्यांत जायचंच सोडलं. राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलाने ऐकायला जाणं सोडावं, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या वयात मत बनलेलं नसतं, बनत असतं. त्या काळात माणसाला नुसता श्रोता राहू द्यायला हवं.

नवी पेठेत आलो ते स्पर्धा परीक्षेच्या नादाने. बाकीची हजारो मुलं आली तशीच. पहिल्या वर्षात मला वाटलं, इथे राजकारण मेलेलंच आहे. अभ्यासिकेत चर्चा करायची नाही, चहाच्या टपरीवर विषय एकच, जागा कधी निघणार. मोर्चाचं नाव काढलं की रूम पार्टनर म्हणायचा, "केस लागली तर चारित्र्य पडताळणीत काय सांगशील?" ही भीती खरी आहे आणि तिने किती तरुण गप्प बसवलेत याचा अंदाज बाहेरच्यांना येत नाही.

पण तीच मुलं 11 मार्च 2021 ला रस्त्यावर आली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 14 तारखेला होती, आधीच अनेकदा पुढे गेलेली, आणि तीन दिवस आधी पुन्हा पुढे गेल्याचं कळलं. तासाभरात शास्त्री रस्ता भरला. कुणी बोलावलं नव्हतं, झेंडा नव्हता. पडताळणीच्या भीतीने वर्षभर कुजबुजणारा माझा पार्टनर माझ्या पुढे घोषणा देत होता. शेवटी परीक्षा 21 मार्चला झाली. 2023 मध्ये राज्यसेवेची नवी वर्णनात्मक पद्धत आत्ता नको, 2025 पासून लागू करा म्हणून पुन्हा, 2024 च्या ऑगस्टमध्ये बँकेची आणि राज्यसेवेची परीक्षा एकाच दिवशी आली म्हणून पुन्हा. पुढारी भेटायला मागून आले. विद्यापीठातल्या आंदोलनाला व्यासपीठ आधी असतं आणि गर्दी नंतर जमते. इथे मी तीनही वेळा उलटं पाहिलं. अर्थात हे राजकारण आपल्या पोटापुरतं आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. सुरगाण्याच्या त्या दाव्यासाठी शास्त्री रस्ता भरला नसता.

माझ्यासाठी पेठेचं पारडं जड झालं ते मात्र या आंदोलनांनी नाही. ते झालं संध्याकाळच्या सभागृहांमुळे. एस. एम. जोशी सभागृह, पत्रकार भवन, शनिवार पेठेतलं साधना, टिळक स्मारक मंदिर, सगळी चालत जाण्याच्या टप्प्यात. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली, अजून चालते. अशा एखाद्या कार्यक्रमाला गेलात तर शेजारी सत्तरीचे गृहस्थ असतात, "कुठून आलात?" विचारतात, संगमनेर म्हटल्यावर तिथल्या पावसाची चौकशी करतात आणि व्याख्यान सुरू झालं की गप्प होतात. वार्ताहर येतो, व्यासपीठाचा फोटो काढतो आणि जातो. श्रोत्यांचे फोटो काढून करायचं काय? माझं मत गावाकडे, वॉर्डाच्या यादीत माझं नावच नाही, मला मोजून कुणाला फायदा नाही. ज्या गोष्टीने मी पेठेत परका होतो, तिनेच मला मोकळं केलं.

शेवटी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे. विना नावाचे. पाच वर्षांत मी साठ-सत्तर चिठ्ठ्या तरी पाठवल्या असतील. काही बाळबोध होत्या, काही वक्त्याला न आवडणाऱ्या. एकदा व्यासपीठावरून उत्तर आलं, "हा प्रश्न ज्याने विचारला त्याने माझ्या मांडणीतली कच्ची जागा पकडली आहे." कुणाचा प्रश्न ते कुणालाच कळलं नाही. मी त्या रात्री खोलीवर येऊन दोन वाजेपर्यंत वाचत बसलो.

पेठांचा इतिहास मी गोड करून सांगत नाही. आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्या हयातीत काढली ती याच गावाने. 5 जानेवारी 2004 ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. 20 ऑगस्ट 2013 ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, माझ्या खोलीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. दुसरीकडे विद्यापीठाच्या आवारातही 2024 च्या फेब्रुवारीत ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांचं नाटक बंद पाडलं गेलं आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. धोका तोलून जागा निवडायची म्हटलं तर दोन्हीकडे हात रिकामाच राहतो. तसं गाव आणि गणेशखिंड यांच्यातलं अंतर जुनं आहे. आजची मुख्य इमारत तेव्हा गव्हर्नरचं निवासस्थान होती, आणि 22 जून 1897 ला तिथला समारंभ आटोपून निघालेल्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली, ती प्लेगच्या दिवसांत गावातल्या घरांत झालेल्या जुलमाचा राग मनात धरून. त्या रस्त्याने रोज बसने जाताना मला हे बऱ्याचदा आठवायचं.

पेठेचा एक काटा मात्र पुतणीला आधीच सांगून ठेवलाय. सभागृहात जो प्रश्न विचारत नाहीत तो जिन्यात विचारतात. खोली बघायला गेलो तेव्हा एका घरमालकांनी डिपॉझिटच्या आधी आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग "घरी काय काय खाता?" माझ्याबरोबर आलेल्या मित्राला जागा नाही म्हणाले, मला आहे म्हणाले. आम्ही दोघंही उतरलो. वसतिगृहात हे होत नाही, तिथे यादी लागते आणि यादीप्रमाणे खोली मिळते. ज्याला या प्रश्नाचा त्रास माझ्यापेक्षा जास्त होणार आहे, त्याने माझा सल्ला जरूर बाजूला ठेवावा. शिवाय सभागृहातले चेहरे बहुतेक एका वयाचे आणि बरेचसे एका थरातले, हेही खरंच. रात्रीच्या आरक्षणावरच्या वादाची मला तिथे अनेकदा आठवण आली.

म्हणून तुमचं मत आधीच पक्कं असेल, काम करायचं असेल, संघटनेत शिरून शिकायचं असेल, तर विद्यापीठाचं आवार सोडू नका, असंच मी म्हणेन. दोन वर्षांत जितकी माणसं तिथे भेटतील तितकी पुढे भेटणार नाहीत. पण मत अजून घडत असेल, तर मला आपली पेठ बरी वाटते. दिवसभर विभागात आणि जयकरमध्ये बसावं, संध्याकाळी बसने अलका चौकात उतरावं. विद्यापीठ चौकातल्या कोंडीत वेळ जातो, त्याला इलाज नाही.

पुतणी अजून म्हणते, यादी लागू दे, मग बघू. तिला घाई करायची नाही. रविवारी ती येते आहे, शास्त्री रस्त्याच्या मागच्या गल्लीत दोन जागा बघून ठेवल्यात. दोन्ही मालकीणबाईंनी अजून फक्त एवढंच विचारलंय की, मुलगी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर असते. मी सांगितलं, व्याख्यान संपेपर्यंत.