चिकटवलेला, ब्लेक की वेल्टचा? बूट घेण्याआधी मोची शोधा

चामड्याचे चांगले बूट घ्यायचे ठरले की दुकानात आपण आधी रंग बघतो, मग किंमत, मग आरशासमोर चार पावलं चालतो. बूट उलटा करून त्याचा सोल वरच्या चामड्याला कसा जोडलाय, हे फारसं कुणी पाहत नाही. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. वरचं चामडं चांगलं असेल आणि त्याची निगा राखली, तर ते दहा-बारा वर्षं सहज काढतं. सोलचं तसं नाही, तो झिजणारच. झिजलेला सोल उतरवून नवा चढवता येईल का, आणि चढवणारा माणूस तुमच्या गावात आहे का, यावर बुटाचं आयुष्य ठरतं. म्हणून कुणी सल्ला विचारला की मी आधी उलट विचारतो: तुमचा मोची कोण?

जोडणीचे तीन प्रकार दुकानात दिसतात. बाजारातले बहुतेक बूट चिकटवलेले असतात. फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चामडं ताणून खाली दुमडायचं आणि तयार सोल सोल्यूशन लावून दाबून बसवायचा. बूट हलका होतो, छान वाकतो, पहिल्या दिवसापासून चावत नाही आणि स्वस्तही पडतो. सोल सुटला तर कोपऱ्यावरचा मोची पुन्हा चिकटवून कडेनं शिलाई मारून देतो. रबरी सोल असेल तर असं एकदा-दोनदा निभावतं.

सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असेल, तर मात्र जपून. हवेतल्या ओलाव्यानं हे रसायन आतून तुटत जातं. बूट नुसता ठेवला तरी. माझा एक जोड जेमतेम दहा-बारा वेळा घातलेला होता. तो माळ्यावर दोन पावसाळे पडून राहिला. लग्नाला जाताना काढला, वरून अगदी नवा. जिना उतरताना पायाखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. मागे वळून पाहिलं तर प्रत्येक पायरीवर वाळक्या केकसारखे काळे तुकडे. त्या सोलला ना सोल्यूशन धरत होतं, ना दोरा. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत राहणाऱ्यांनी दुकानदाराला सोल कशाचा आहे हे स्पष्ट विचारावं.

ब्लेक शिलाईचा बूट दिसायला सगळ्यांत देखणा. लायमन ब्लेक या अमेरिकन माणसानं 1858 साली पेटंट घेतलेल्या यंत्रावरून हे नाव पडलं. एकच शिलाई इनसोलमधून, म्हणजे आतल्या तळातून, थेट बाहेरच्या सोलपर्यंत जाते, त्यामुळे कड बारीक राहते आणि बूट चपळ वाटतो. आतलं पातळ अस्तर उचलून पाहिलं की तळाला टाके दिसतात, हीच त्याची खूण. दोष दोन. टाक्यांच्या भोकांतून पाणी वर चढतं, आणि नवा सोल शिवायला यंत्राचा हात बुटाच्या आत जावा लागतो. रस्त्यावरच्या मोचीकडे ते यंत्र नसतं. तो सोल चिकटवून देईल, पण मग तुम्ही ब्लेकचे जास्तीचे पैसे कशासाठी मोजले?

तिसरा गुडइयर वेल्ट. टायरच्या कंपनीशी याचा संबंध नाही. रबर टिकाऊ करणारे चार्ल्स गुडइयर यांच्या त्याच नावाच्या मुलानं एकोणिसाव्या शतकात या शिलाईचं यंत्र पुढे आणलं. टायरच्या कंपनीनं वडिलांचं नाव नंतर घेतलं. यात इनसोलच्या खालच्या अंगाला एक उभी कड असते. वरचं चामडं, अस्तर आणि बाहेरून फिरवलेली एक अरुंद पट्टी हे तिन्ही त्या कडेला शिवतात. ही पट्टी म्हणजे वेल्ट. मग दुसऱ्या शिलाईनं पट्टी सोलला जोडतात आणि मधल्या पोकळीत कॉर्क भरतात. सोल बदलताना फक्त ही दुसरी शिलाई उसवायची. वरच्या चामड्याला हात लागत नाही. दोष म्हणाल तर वजन, किंमत, आणि पहिले दोन-तीन आठवडे लाकूड घातल्यासारखं वाटणं.

इथे फसवणूकही चालते. चिकटवलेल्या बुटाच्या कडेवर शोभेचे टाके मारलेले असतात, कधी तर ते रबरातच साच्यानं उठवलेले असतात. खरी शिलाई सोलच्या खालून बघा. तिथल्या खाचेत दोरा दिसला पाहिजे. भारी चामडी सोलमध्ये खाच कधी झाकलेली असते, पण साध्या रबरी सोलवर दोरा कुठेच नसेल तर शंका घ्या.

गेल्या उन्हाळ्यात माझे वेल्टचे बूट मी पुलाखाली बसणाऱ्या मोचीकाकांकडे नेले. त्यांनी बूट तीन पायांच्या लोखंडी फर्म्यावर उलटा चढवला, अंगठ्यानं सोल दाबला आणि म्हणाले, “वेळेत आणलात. अजून दोन महिने रेटले असते तर पट्टी झिजली असती.” मग रापीनं कडेचा दोरा कापत गेले. सोल निघाला आणि खाली कॉर्क दिसला. तो दाबून दाबून त्यात माझं अख्खं पाऊल उमटलं होतं, अंगठ्याखाली खोल आणि मध्ये उंच. जुन्या कोल्हापुरीवर जसा ज्याच्या त्याच्या पायाचा ठसा बसतो, अगदी तसाच. त्यांनी सैल झालेला कॉर्क खरवडून नवा भरला. शिवायला बसले तेव्हा आरी प्रत्येक वेळी पट्टीच्या जुन्याच भोकात घालत होते. “नवी भोकं पाडली की पट्टी कागदासारखी फाटते,” ते म्हणाले. मेण लावलेला दोरा, दोन सुया, एका बुटाला तास-दीड तास. यंत्र नसतानाही हे जमतं, पण करणाऱ्याला वेल्ट म्हणजे काय हे माहीत हवं. तुमच्या मोचीला आधी एखादा वेल्टचा बूट दाखवून विचारा. त्यानं नुसतं सोल्यूशनच्या डब्याकडे हात नेला तर दुसरा शोधा.

आता पैशांचं. समजा, चिकटवलेला जोड चार हजारांचा घेतला आणि दर दोन वर्षांनी बदलला, तर दहा वर्षांत वीस हजार गेले. वेल्टचा बारा हजारांचा घेतला आणि तीनदा सोल बदलायला दर वेळी अडीच हजार लागले, तर साडेएकोणीस. म्हणजे सारखंच. पैसे वाचतील म्हणून वेल्ट घेऊ नका. पाचव्या वर्षी जो बूट तुमच्याच पायाच्या आकाराचा झालेला असतो, तो ठेवता यावा म्हणून घ्या. वर्षातून चार-सहा वेळाच बूट घालणार असाल तर चिकटवलेला, रबरी सोलचा पुरे. रोज घालणार असाल आणि मोची सापडला असेल तर वेल्टच. ब्लेक मी फक्त मोठ्या शहरात, यंत्र असलेलं दुरुस्तीचं दुकान हाताशी असणाऱ्यालाच सुचवेन. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्यांची एक सोय आहे: इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन या बुटांच्या गावातले बरेच कारखाने आणि अमेरिकेतली रेड विंग कंपनी आपले जुने बूट परत घेऊन नवा सोल चढवून देतात.

सोलच्या बाबतीत आपल्याकडे पाऊसच ठरवतो. चामड्याचा सोल देखणा असतो, पायाला थंड लागतो, पण ओल्या शहाबादी फरशीवर पाय सटकलाच म्हणून समजा. खोल खाचांचा रबरी सोल पकड घेतो. तो इटलीच्या विताले ब्रामानी यांनी 1935 साली आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर बनवला. त्यांच्याच नावावरून विब्रम. डोंगरात तोच घ्या. ऑफिसला मात्र त्याच्या खाचांतला चिखल लिफ्टपर्यंत सोबत येतो. शहरासाठी गोल ठिपक्यांचा, डेनाइट या नावानं मिळणाऱ्या सोलसारखा चपटा रबरी सोल मला जास्त पटतो.

लेसचा की चेल्सी, म्हणजे बाजूला इलॅस्टिक असलेला बिनलेसचा बूट? परदेशी सल्ल्यांत याचा विचार दिसण्यापुरता होतो. आपण घरात, देवळात, कधी दवाखान्यातसुद्धा बूट काढतो. दिवसातून सात-आठ वेळा लेस सोडायची म्हटलं की माणूस गाठ न सोडताच टाच चिरडून पाय घुसवतो, आणि टाचेचा कडक भाग एकदा मोडला की पुन्हा उभा राहत नाही. म्हणून अशा धावपळीच्या माणसानं इलॅस्टिकवाला चेल्सी घ्यावा. इलॅस्टिक काही वर्षांनी सैल पडतं, पण बदलता येतं. ज्यांचा पाय वरून उंच आहे त्यांनी मात्र लेसचाच घ्यावा, चेल्सी त्यांना करकचून धरतो. मोटरसायकल चालवणाऱ्यांनी काळा किंवा गडद तपकिरी रंग घ्यावा. गिअरच्या दांड्यानं डाव्या बुटाच्या नाकावर चट्टा पडतोच.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पावलाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या रुंद भागातच बसला पाहिजे. चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत नाही; म्हणून बोटं पुढे टेकत असतील तर “वापरून होईल” या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. नव्या वेल्टच्या बुटात टाच किंचित उचलली जाते. सोल वाकायला लागला की ते थांबतं.

वापरताना एक दिवस घालून एक दिवस ठेवा, म्हणजे घाम सुकतो. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, दोन-तीन तासांनी बोळे बदला. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलेलं चामडं तडकतं. पावसाळ्यात पांढरी बुरशी आली तर पाणी घातलेल्या व्हिनेगरच्या फडक्यानं पुसून वाळवा, आणि बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नको, जुन्या उशीच्या अभ्र्यात घाला. पहिला आठवडा मात्र घरातच, सतरंजीवर, रोज तासभर घालून फिरा. तोपर्यंत सोल कोरा राहतो, आणि माप चुकलंच असेल तर दुकानदाराला परत घ्यायला हरकत उरत नाही.