ऑक्टेन बूस्टरच्या नावाखाली झालेली लूट

जुनी पेट्रोल गाडी वापरत असाल आणि गॅरेजवाला पेट्रोलमध्ये मिसळायच्या ‘ऑक्टेन बूस्टर’ची बाटली गळ्यात मारत असेल, तर आधी हे वाचा. दर टाकीमागे ४५० रुपये माझ्याकडून याच नावाखाली उकळले गेले. वर गाडीचे चारही स्पार्क प्लग खराब झाले ते वेगळंच.

चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटात चौथ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. हेच नॉकिंग. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत पसरत असताना, उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआपच भडकतं. हे दणके बसत राहिले तर पिस्टनसुद्धा निकामी होतो. अशा अवेळी भडकण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, याचं माप म्हणजे ऑक्टेन. त्याचा ताकदीशी थेट संबंध नाही. ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन लिहिलंय आणि जिचं इंजिन धड आहे, तिच्यात १०० ऑक्टेन घालून पिकअप वाढत नाही. मिश्रण जास्त दाबणाऱ्या (हाय कॉम्प्रेशन) किंवा टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी.

गॅरेजवाल्याने एकही प्लग खोलला नाही. म्हणाला, “ताई, हल्लीच्या पेट्रोलमध्ये दमच राहिला नाही. ही बाटली टाका, दहा पॉइंट ऑक्टेन वाढेल. ॲव्हरेज पण सुधारेल.”

यातलं एकही वाक्य टिकत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो, त्यामुळे हल्लीच्या ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन साधारण ९५ असल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये सांगितलंय. आणि ‘दहा पॉइंट’ची मखलाशी तर ऐकाच. या धंद्यात पॉइंट म्हणजे बऱ्याचदा एक दशांश. म्हणजे ९१ चे १०१ नाही, फक्त ९२! हे गिऱ्हाइकाला कोण सांगतो?

पुढे थंडीत सकाळी गाडी मिसिंग करायला, म्हणजे अडखळत चालायला लागली, तेव्हा दुसऱ्या फिटरकाकांकडे नेली. त्यांनी प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. टोकाचा पांढरा भाग विटकरी लाल झाला होता. काही बूस्टरमध्ये लोह किंवा मँगनीजची संयुगं असतात. ती जळली की असा थर बसतो आणि ठिणगी नीट पडत नाही. मग त्यांनी प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा सोडून मोबाइलवर पिस्टन दाखवला, त्यावर कार्बनचा काळा जाड थर होता. त्या थराने आतली जागा कमी होते, दाब वाढतो, शिवाय कार्बन तापून लाल होतो. नॉकिंगचं मूळ तिथे होतं, पेट्रोलमध्ये नव्हे. कार्बन साफ केला, नवे प्लग घातले, आणि घाटातला आवाज थांबला. हा सगळा खर्च बाटल्यांपेक्षा कमी आला.

गाडी नॉक करत असेल तर आधी प्लग खोलून दाखवायला सांगा. इंजिन थंड ठेवणारं कूलंट बघायला सांगा. इंजिन जास्त तापलं तरी नॉक होतं. चढाला गिअर वेळेवर खाली घ्या. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तरी ऑक्टेन घसरतो. तशी शंका आली तर पंपावर भेसळ तपासायचा फिल्टर पेपर मागा, तो मिळणं हा आपला हक्क आहे.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, “कंपनीला विचारा.” बाटलीवर उत्पादकाचा पत्ता नाही, आत काय आहे तेही नाही. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार नाव, पत्ता, किंमत छापणं बंधनकारक आहे. मी वजनमापं आणि असं लेबल तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र विभागाकडे आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तुम्हालाही अशी बाटली विकली गेली असेल, तर ती फेकू नका. लेबलचा फोटो काढा, पक्कं बिल मागा आणि तक्रार नोंदवा.